कृष्णवर्णीय स्त्रियांचे नैसर्गिक केस: घडण, इतिहास आणि निगा

कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संदर्भात ‘नैसर्गिक केस’ या शब्दांना एक नेमका अर्थ आहे. रसायन लावून सरळ न केलेले, टाळूतून जसे उगवतात तसेच राखलेले केस म्हणजे नैसर्गिक केस. ते मोकळे असोत, वेण्यांत बांधलेले असोत की अगदी बारीक कापलेले असोत. मूळचा कुरळेपणा शाबूत असला की ते नैसर्गिक. उगवलेले केस तसेच ठेवण्याला सहसा वेगळे नाव लागत नाही. अमेरिका, कॅरिबियन बेटे, ब्रिटन, ब्राझील आणि खुद्द आफ्रिकेतील अनेक देशांत ते लागले, कारण तिथे कित्येक पिढ्या केस सरळ करणे ही रीत होती आणि न करणे हा निर्णय होता.

या विषयात केसांची घडण, त्यांच्यावर लादलेला इतिहास आणि रोजची निगा या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. ज्या केसांना ‘अवघड’ म्हटले गेले, त्यांच्यासाठी वापरली जाणारी फणी, शाम्पू, सलूनमधले शिक्षण आणि कचेरीतले नियम हे सगळे दुसऱ्या प्रकारच्या केसांसाठी बनवलेले होते. हे लक्षात घेतले की पुढचा बराचसा गुंता सुटतो.

केसांची घडण

केसाचा आकार टाळूच्या आतच ठरतो. केस ज्या सूक्ष्म खोबणीतून उगवतो त्या रोमकूपाची ठेवण सरळ असेल तर केस सरळ येतो. आफ्रिकी वंशाच्या बहुसंख्य लोकांत रोमकूप वळलेला असतो आणि त्याचा तळही वाकलेला असतो. त्यातून येणारा केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर चपट्या लंबगोलासारखा दिसतो, आणि दोन्ही बाजूंच्या पेशींची वाढ सारखी नसल्याने तो बाहेर पडतानाच वळत जातो. केराटिन हे प्रथिन मात्र सगळ्या माणसांच्या केसांत तेच असते.

या आकाराचे काही परिणाम होतात. टाळूतून पाझरणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. वळणावळणाच्या केसावरून ते टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून घट्ट कुरळे केस कोरडे पडतात. प्रत्येक वळणावर केस किंचित कमकुवत असतो, त्यामुळे ओढला की तिथे तुटतो. शेजारशेजारचे केस एकमेकांत अडकतात आणि एकटा केसही स्वतःभोवती गाठ मारतो. ओला असताना लांब दिसणारा केस वाळला की आकसतो. ताणला तर खांद्यावर येणारा केस वाळल्यावर कानाशी थांबतो. वाढीचा वेगही थोडा कमी असतो. आशियाई किंवा युरोपीय वंशाच्या केसांची महिन्याला एक सेंटिमीटरहून थोडी जास्त वाढ होते, तर आफ्रिकी वंशाच्या केसांची सरासरी एक सेंटिमीटरपेक्षा थोडी कमी.

‘आमचे केस वाढतच नाहीत’ ही अनेक स्त्रियांची तक्रार यातून समजते. मुळाशी केस वाढत असतातच, पण तेवढेच टोकाशी तुटत असतात, आणि उरलेली लांबी आकसण्यात लपते. म्हणून या केसांची निगा म्हणजे मुख्यतः तूट कमी करणे.

हा आकार निसर्गात टिकला त्याला कारणही असावे. २०२३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसाच्या शरीरासारख्या तापणाऱ्या पुतळ्यावर सरळ, मध्यम कुरळ्या आणि घट्ट कुरळ्या केसांचे टोप चढवून त्यावर उन्हासारखी प्रखर उष्णता सोडली गेली. सगळ्याच केसांनी डोक्याचा बचाव केला, पण घट्ट कुरळ्या केसांनी सर्वांत जास्त. विषुववृत्ताजवळच्या उन्हात मेंदू थंड राहावा आणि घामावाटे पाणी कमी खर्ची पडावे, यासाठी हे केस उपकारक ठरले असावेत असे संशोधकांचे मत आहे.

आफ्रिकेतील परंपरा

पश्चिम आफ्रिकेत केशरचना ही ओळख सांगणारी गोष्ट होती. व्यक्ती कोणत्या जमातीची, विवाहित की अविवाहित, शोकात की उत्सवात, हे वेण्यांच्या मांडणीवरून कळे. नायजेरियातील योरुबा लोकांत डोके हे माणसाच्या दैवाचे स्थान मानले जाते, त्यामुळे ते सजवण्याला धार्मिक वजन आहे. वेणी घालणारी स्त्री विश्वासातली असे. डोके कोणाच्याही हाती देत नसत. नायजेरियन छायाचित्रकार जे. डी. ओखाई ओजेइकेरे यांनी १९६८ पासून अनेक वर्षे आपल्या देशातील स्त्रियांच्या केशरचनांची छायाचित्रे घेतली. सुमारे हजार छायाचित्रांच्या त्या संग्रहात बहुतेक स्त्रिया पाठमोऱ्या आहेत. उंच कमानी, चक्रे, दोऱ्याने गुंडाळून उभे केलेले खांब असे त्यांच्या डोक्यांवर जणू शिल्पच उभे आहे.

नामिबियातील हिंबा स्त्रिया लोणी आणि गेरूचा लेप केसांना आणि अंगाला लावतात. नाईल नदीच्या खोऱ्यात पाच हजार वर्षांहून जुने लांब दात्यांचे कंगवे सापडले आहेत. विसाव्या शतकात जो ‘आफ्रो पिक’ म्हणून प्रसिद्ध झाला, त्याचे हे दूरचे पूर्वज. या केसांसाठी कोणती अवजारे लागतात हे ज्ञान प्राचीन काळापासून होते. ते पुढे हिरावले गेले.

गुलामगिरी आणि डोक्यावरचा रुमाल

अटलांटिक गुलाम व्यापारात सुमारे सव्वा कोटी माणसे आफ्रिकेतून जहाजांवर चढवली गेली. अनेकांची डोकी आधीच भादरली जात. स्वच्छतेचे कारण दिले जाई. प्रत्यक्षात माणसाची ओळखही त्याबरोबर पुसली जाई. मळ्यांवर ना कंगवा होता, ना तेल, ना वेळ. मेंढ्यांची लोकर पिंजण्याच्या काटेरी फळ्या विंचरायला वापरल्या जात. डुकराची चरबी, लोणी, प्रसंगी रॉकेलही केसांना लावले जाई. केसांना हात लावायला रविवार हा एकच दिवस मिळे. याच काळात केसांना ‘लोकर’ म्हणण्याची, पर्यायाने माणसाला जनावराच्या पंगतीत बसवण्याची भाषा रुळली.

तरीही केसांनी काही जपून ठेवले. सुरिनाम आणि फ्रेंच गियाना इथे मळ्यांतून पळून जंगलात वसलेल्या मरून लोकांमध्ये अशी मौखिक परंपरा आहे की त्यांच्या आज्यांनी भाताचे दाणे वेण्यांत लपवून आणले आणि त्यातून शेती उभी केली.

१७८६ साली स्पेनच्या ताब्यातील लुइझियानाचे गव्हर्नर एस्तेबान मिरो यांनी हुकूम काढला की स्वतंत्र कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय स्त्रियांनी केस रुमालाखाली झाकावेत, त्यात पिसे वा दागिने माळू नयेत. त्यांची सजावट गोऱ्या स्त्रियांच्या बरोबरीची दिसू नये हा हेतू होता. न्यू ऑर्लिन्सच्या स्त्रियांनी हुकूम पाळला, पण रुमाल असे भडक रंगांचे आणि असे डौलदार बांधले की तोच अलंकार झाला. केसांवर सरकारी हुकूम निघण्याचा हा जुना दाखला आहे.

सरळ करण्याचे शतक

१८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी संपली, पण ‘चांगले केस’ म्हणजे सरळ केस हे समीकरण टिकून राहिले. नोकरी, शाळा, लग्न, समाजातले स्थान, सगळीकडे ते आड येई. या पार्श्वभूमीवर दोन कृष्णवर्णीय स्त्रियांनी मोठे उद्योग उभे केले. ॲनी टर्नबो मलोन यांनी सेंट लुइसमध्ये ‘पोरो’ हा व्यवसाय वाढवला आणि १९१८ मध्ये तिथे पोरो कॉलेज सुरू केले. त्यांच्या मालाच्या विक्रेत्यांपैकी एक होत्या सारा ब्रीडलव्ह, पुढे मॅडम सी. जे. वॉकर म्हणून प्रसिद्ध झालेल्या. १८६७ मध्ये लुइझियानात, गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या आईवडिलांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. टाळूच्या विकाराने त्यांचे स्वतःचे केस गळत होते. नळाचे पाणी नसलेल्या घरांत केस क्वचितच धुतले जात, आणि टाळूचे रोग सर्रास होत. वॉकर यांच्या पद्धतीत नियमित न्हाणे, टाळूला मलम आणि तापवलेला कंगवा या तिन्ही गोष्टी होत्या. तापवलेला कंगवा त्यांनी शोधला असे सांगितले जाते, ते खरे नाही; तो आधीपासून होता. हजारो स्त्रियांना धुणीभांड्यांतून बाहेर काढून मिळकत देणारा व्यवसाय त्यांनी उभारला, हे मात्र निर्विवाद आहे.

तापवलेला कंगवा कसा काम करतो हे साधे आहे. केसातील हायड्रोजनचे दुबळे बंध उष्णतेने सुटतात आणि केस सरळ राहतो. पाणी, घाम, दमट हवा लागली की बंध पुन्हा जुळतात आणि कुरळेपणा परततो. अमेरिकेतल्या असंख्य कृष्णवर्णीय घरांत शनिवारची संध्याकाळ या कंगव्याच्या वासाची असे. उद्याच्या चर्चसाठी मुलगी स्वयंपाकघरात शेगडीजवळच्या खुर्चीवर बसलेली, कान हाताने दुमडून धरलेला, आणि आई मानेजवळची शेवटची बट सरळ करताना ‘हलू नकोस’ म्हणते आहे. कानाला बसलेला चटका अनेकींच्या बालपणाच्या आठवणींत आहे.

कायमचे सरळ करणारे रसायन म्हणजे रिलॅक्सर. यात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा असतो, किंवा त्याऐवजी दुसरा तीव्र अल्कली. तो केसातील गंधकाचे मजबूत बंध तोडतो आणि त्यांच्या जागी असे बंध तयार होतात की केस पुन्हा कुरळा होत नाही. मुळाशी नवा केस कुरळाच येतो, म्हणून दर सहा ते दहा आठवड्यांनी रसायन पुन्हा लावावे लागते. जॉर्ज जॉन्सन यांनी १९५४ मध्ये शिकागोत स्थापन केलेली जॉन्सन प्रॉडक्ट्स ही कंपनी या मालावर वाढली, आणि १९७१ मध्ये अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर नोंदली गेलेली ती पहिली कृष्णवर्णीय मालकीची कंपनी ठरली.

आफ्रोचा काळ

१९५० च्या दशकाच्या अखेरीस ओडेटा, ॲबी लिंकन, मिरियम माकेबा यांसारख्या कलावंत स्त्रिया केस सरळ न करता रंगमंचावर येऊ लागल्या. जानेवारी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ‘नॅचरली ६२’ नावाचा कार्यक्रम झाला. त्यात गडद वर्णाच्या, नैसर्गिक केसांच्या तरुणी आफ्रिकी धाटणीच्या पोशाखात लोकांपुढे आल्या. ‘ग्रँडासा मॉडेल्स’ या नावाने त्या ओळखल्या गेल्या. छायाचित्रकार क्वामे ब्रॅथवेट यांनी काढलेल्या त्यांच्या छायाचित्रांनी ‘कृष्णवर्ण सुंदर आहे’ ही घोषणा घरोघरी पोचवली.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आफ्रो, म्हणजे कुरळे केस मोकळे ठेवून गोलाकार वाढवण्याची रचना, हा राजकीय निशाणासारखा झाला. १९७० मध्ये एफबीआय या तपास यंत्रणेने कृष्णवर्णीय कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस यांचे चित्र फरारी आरोपी म्हणून देशभर लावले, तेव्हा त्यांचा गोलाकार आफ्रो त्यांच्या नावाइतकाच प्रसिद्ध झाला. १९७२ मध्ये त्या सर्व आरोपांतून निर्दोष सुटल्या. त्या काळात केवळ आफ्रो आहे म्हणून पोलिसांनी अनेक स्त्रियांना अडवले. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लाट ओसरली. ऐंशीच्या दशकात रसायनाने मोठ्या, ओलसर लाटा आणणारा ‘जेरी कर्ल’ आणि पुन्हा रिलॅक्सर यांनी जागा घेतली.

परतीची लाट

२००० नंतरची नैसर्गिक केसांकडे परतण्याची चळवळ नेत्यांविना उभी राहिली. रिलॅक्सर सोडायचा म्हटले तर पुढे काय करायचे हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आईचे केस सरळ, आजीचेही सरळ. आपल्याच केसांचा खरा पोत अनेक स्त्रियांनी विशी-तिशीत पहिल्यांदा पाहिला. तो कसा सांभाळायचा हे ज्ञान स्त्रियांनी एकमेकींना इंटरनेटवरील ध्वनिचित्रफितींतून दिले. परतण्याचे दोन मार्ग होते. एक म्हणजे ‘बिग चॉप’: सरळ केलेला सगळा भाग एकदम कापून एक-दोन इंच केसांवर सुरुवात करायची. दुसरा म्हणजे संक्रमण: वर्ष-दीड वर्ष नवे केस वाढू देत जुनी टोके थोडी थोडी छाटायची. दुसऱ्या मार्गात लांबी टिकते, पण कुरळा आणि सरळ भाग जिथे भेटतो ती रेषा फार नाजूक असते आणि केस तिथेच तुटतात.

केसांचे वर्गीकरणही याच काळात रूढ झाले. ओप्रा विन्फ्रे यांचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९० च्या दशकात केस चार प्रकारांत विभागले: सरळ, लाटेदार, कुरळे आणि घट्ट कुरळे. त्यात ए, बी, सी असे उपप्रकार पडले. सर्वांत घट्ट प्रकाराला ‘४ सी’ म्हणतात. ही भर पुढे वापरणाऱ्या स्त्रियांनी घातली. आपल्यासारखे केस असलेली दुसरी स्त्री शोधायला हे वर्गीकरण उपयोगी पडते. पण त्यातून नवी उतरंडही आली. जाहिरातींत सैल, लांब कुरळे केसच झळकत राहिले आणि ४ सी केसांच्या स्त्रिया चळवळीतही मागे राहिल्या, ही टीका रास्त आहे.

२०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या झोझिबिनी टुन्झी बारीक कापलेल्या नैसर्गिक केसांनिशी विश्वसुंदरी झाल्या. २०२० मध्ये ‘हेअर लव्ह’ या लघुपटाला ॲनिमेशनसाठीचे ऑस्कर मिळाले. आई रुग्णालयात असताना मुलीचे केस विंचरायला शिकणाऱ्या बापाची ती गोष्ट आहे.

निगा: न्हायच्या दिवसापासून रात्रीच्या टोपीपर्यंत

घट्ट कुरळ्या केसांच्या निगेचे सूत्र तीन शब्दांत मावते: ओलावा, हळुवारपणा, सबुरी.

न्हाणे आठवड्याला किंवा दोन आठवड्यांनी एकदा पुरते. रोज शाम्पू लावला तर आधीच कमी असलेले तेल निघून जाते. फार दिवस टाळले तर टाळूवर मळ आणि कोंडा साचतो. न्हायचा दिवस हा खरोखर पुरा अर्धा दिवस असतो. केस चार ते आठ भागांत वाटून प्रत्येक भाग चापाने वेगळा ठेवतात. आधी तेल किंवा कंडिशनर, मग टाळूवर बोटांच्या पेरांनी शाम्पू. केसांच्या लांबीवर तो चोळत नाहीत, वाहून जातानाच ती धुतली जाते. त्यानंतर भरपूर कंडिशनर लावून गुंता सोडवला जातो.

गुंता सोडवण्याची रीत ही सगळ्या निगेची कसोटी आहे. कोरड्या केसांत कंगवा घालत नाहीत. ओल्या, बुळबुळीत झालेल्या केसाचा एक भाग हातात घेऊन त्याचा मधला भाग मुठीत घट्ट धरतात, म्हणजे मुळाला ओढ बसत नाही. मग बोटांनी, त्यानंतर रुंद दात्यांच्या कंगव्याने टोकापासून सुरुवात करून इंच-इंच वर सरकतात. गाठ आली तर ओढत नाहीत. कंडिशनरचा आणखी एक थेंब लावून केस एकेक करून सोडवतात. सुटलेला भाग लगेच दोन पेडांच्या पिळात गुंडाळून ठेवतात, नाहीतर शेजारचा भाग सोडवेपर्यंत तो पुन्हा गुंततो. वरून खाली खसाखसा विंचरण्याची, सरळ केसांना चालणारी सवय इथे मूठभर केस तोडते.

ओलावा कोंडण्याचा क्रम असा: आधी पाणी किंवा पाण्याचे प्रमाण जास्त असलेले लोशन, मग तेल, मग घट्ट मलम. तेल स्वतः ओलावा देत नाही, तो अडवते. पश्चिम आफ्रिकेतील स्त्रिया पिढ्यानपिढ्या वापरत आलेले शिया लोणी आज जगभरच्या बाटल्यांत आहे. खोबरेल तेलाबाबत मात्र महत्त्वाचा पुरावा मुंबईतून आला. मॅरिको कंपनीच्या तिथल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारा प्रथिनांचा ऱ्हास कमी करते. खनिज तेल आणि सूर्यफुलाचे तेल तसे करत नाही. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा छोटा, सरळ रेणू हे त्याचे कारण मानले जाते. न्हाण्याआधी तेल लावण्याची मराठी घरांतली सवय आणि कृष्णवर्णीय स्त्रियांच्या न्हायच्या दिवसाची पहिली पायरी इथे एकाच निष्कर्षावर येऊन मिळतात. टाळूवर कोंडा किंवा खाज असेल तर मात्र तेलाचा थर वाढवण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवणे बरे.

केस रोज हाताळावे लागू नयेत म्हणून केलेल्या बांधणीला ‘संरक्षक रचना’ म्हणतात. कॉर्नरो म्हणजे टाळूला लागून, ओळीने घातलेल्या बारीक वेण्या. तीन पेड घेऊन प्रत्येक वळशाला खालचे थोडे केस त्यात मिळवत जातात. सुट्या बारीक वेण्या, दोन पेडांचे पीळ आणि मराठीत ज्याला गंगावन म्हणतात तसे जोडकेस मिसळून केलेल्या लांब वेण्या हे इतर प्रकार. एका डोक्याच्या वेण्यांना कितीतरी तास लागतात, आणि घालणारीच्या बोटांचे ते कसब असते. या रचना सहा ते आठ आठवडे, फार तर दोन-तीन महिने ठेवाव्यात आणि मधल्या काळात टाळू धुवावी. वेणी घालताना दुखले, बारीक पुळ्या आल्या किंवा डोके ठणकले तर ती फार घट्ट आहे. सौंदर्यासाठी हे सोसायचे नसते.

लॉक्स ही वेगळी रचना आहे. यात केसांना ठरावीक जाडीच्या बटांत गुंफून एकजीव होऊ देतात. मराठी वाचकाला ते पाहून जट आठवणे साहजिक आहे. महाराष्ट्रात जट हा देवीचा कौल मानला गेला, त्यापायी मुलींना यल्लम्माला सोडले गेले, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अनेक वर्षे स्त्रियांची जट सोडवत आले आहेत. तिथे स्त्रीला ती धुण्याची वा कापण्याची मुभा नव्हती. लॉक्स ही आपखुशीने केलेली, नियमित धुतली जाणारी, मुळाशी वरचेवर सावरली जाणारी रचना आहे. फरक इच्छेचा आणि स्वच्छतेचा आहे.

रात्री सुती अभ्रा केसांतला ओलावा शोषतो आणि घासून केस तोडतो, म्हणून सॅटिन किंवा रेशमाची टोपी घालतात. उष्णता वापरायचीच असेल तर केस स्वच्छ आणि वाळलेले असावेत, संरक्षक द्रव लावावा आणि एका बटेवरून इस्त्री एकदाच फिरवावी. जास्त तापमानात कुरळेपणा कायमचा जातो, आणि तो भाग कापण्यावाचून उपाय राहत नाही.

आरोग्याचे प्रश्न

सतत ओढ बसल्याने कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेचे केस विरळ होतात. याला ओढीचे टक्कल म्हणता येईल. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांपैकी जवळपास एक-तृतीयांश स्त्रियांत ते कमीअधिक प्रमाणात आढळते. सुरुवातीला ओळखले आणि वेणी सैल केली तर केस परत येतात; रोमकूपाच्या जागी व्रण झाला तर येत नाहीत. माथ्याच्या मध्यापासून बाहेर पसरणारा दुसरा एक व्रणकारी विकारही मुख्यतः कृष्णवर्णीय स्त्रियांत दिसतो, आणि त्यात आनुवंशिकतेचाही वाटा आहे.

रिलॅक्सरने टाळू भाजणे ही जुनी गोष्ट. नवी चिंता कर्करोगाची आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या ‘सिस्टर स्टडी’त ३३,४९७ स्त्रियांचा जवळजवळ अकरा वर्षे मागोवा घेतला गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये निष्कर्ष आले. केस सरळ करणारी रसायने वर्षातून चारहून अधिक वेळा वापरणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त होते. सत्तराव्या वर्षापर्यंतचा अंदाजित धोका न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के आला. हा संबंध आहे, कारणाचा अंतिम पुरावा नव्हे, आणि एकूण धोका लहानच आहे. पण ही रसायने वापरणाऱ्यांत सुमारे साठ टक्के स्त्रिया कृष्णवर्णीय होत्या, आणि त्यांत लहानपणापासून वापरणाऱ्या पुष्कळ असतात. म्हणून निष्कर्ष गंभीरपणे घेतला गेला.

शाळा, कचेरी आणि कायदा

वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत ‘पेन्सिल चाचणी’ वापरली जाई: केसांत खोवलेली पेन्सिल घसरून पडली तर माणूस गोरा, अडकली तर नाही. एकाच घरातली माणसे यामुळे वेगळी पडली. ती राजवट संपून दोन दशके झाल्यावर, ऑगस्ट २०१६ मध्ये, प्रिटोरियातील मुलींच्या एका शाळेत कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी केसांवरील नियमांविरुद्ध निदर्शने केली. आफ्रो राखलेल्या किशोरवयीन मुली मुठी वळून उभ्या असल्याचे छायाचित्र जगभर गेले, आणि नियम स्थगित झाले.

अमेरिकेत न्यायालयांनी परस्परविरोधी वाट चोखाळली. १९७६ मध्ये एका अपील न्यायालयाने आफ्रोवरून झालेला भेदभाव वंशभेदाच्या तक्रारीत बसतो हे मान्य केले. १९८१ मध्ये रॉजर्स विरुद्ध अमेरिकन एअरलाइन्स खटल्यात मात्र दुसऱ्या न्यायालयाने म्हटले की कॉर्नरो ही बदलता येणारी गोष्ट आहे, म्हणून कंपनी तिला मनाई करू शकते. २०१६ मध्ये लॉक्सबाबतही असाच निकाल लागला. कातडीचा रंग बदलता येत नाही आणि केशरचना बदलता येते, हा युक्तिवाद कागदावर नीट दिसतो. प्रत्यक्षात मात्र तो स्त्रीला रसायन लावायला किंवा टोप घालायला सांगतो.

या फटीवर उपाय म्हणून कॅलिफोर्नियाने ३ जुलै २०१९ रोजी ‘क्राउन कायदा’ केला. वंशाच्या व्याख्येत केसांचा पोत आणि वेण्या, पीळ, लॉक्स यांसारख्या रचना त्याने समाविष्ट केल्या. २०२४ पर्यंत किमान दोन डझन राज्यांनी असे कायदे केले. राष्ट्रीय पातळीवरचे विधेयक प्रतिनिधिगृहाने २०२० आणि २०२२ मध्ये मंजूर केले, पण सिनेटमध्ये ते अडले. फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने मार्च २०२४ मध्ये केसांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध विधेयक मंजूर केले. ते ग्वादलूपचे खासदार ऑलिव्हिए सेर्व्हा यांनी मांडले होते.

कायद्याबाहेरही जगाची मापे बदलावी लागत आहेत. दाट केस मावतील अशी पोहण्याची ‘सोल कॅप’ टोकियो ऑलिम्पिकसाठी नाकारली गेली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मान्य झाली. मेंदूतील विद्युत्लहरी मोजणारे नेहमीचे इलेक्ट्रोड घट्ट कुरळ्या केसांत टाळूला टेकत नाहीत; कार्नेगी मेलन विद्यापीठात एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने कॉर्नरोंच्या मधल्या रेघांत बसणारे इलेक्ट्रोड तयार केले. केस बदलायची गरज उरली नाही, उपकरण बदलले.

बाजार आणि भारताचा धागा

नैसर्गिक केसांच्या मालाचे अनेक ब्रँड कृष्णवर्णीय घरांतून निघाले आणि मोठ्या कंपन्यांनी विकत घेतले. ब्रुकलिनमध्ये १९९३ मध्ये सुरू झालेले ‘कॅरल्स डॉटर’ २०१४ मध्ये लॉरियालकडे गेले, ‘शिया मॉइश्चर’ची कंपनी २०१७ मध्ये युनिलिव्हरकडे. टोप आणि जोडकेसांच्या बाजारात भारत थेट आहे. तिरुमला इथे भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा लिलाव होतो आणि ते जगभर जातात; क्रिस रॉक यांच्या २००९ च्या ‘गुड हेअर’ या माहितीपटाने हा प्रवास दाखवला. विंचरताना गळालेल्या केसांचा गुंता दारावरच्या फेरीवाल्याला भांड्यांच्या बदल्यात देण्याची रीत महाराष्ट्रातही आहे. तेही याच व्यापारात मिसळतात.

दुसरा धागा रक्ताचा आहे. जंजिऱ्याचे सिद्दी आणि गोव्याच्या दक्षिणेला उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यात राहणारे, घरात कोकणी बोलणारे सिद्दी हे आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज आहेत. घट्ट कुरळे केस त्यांच्यातही आहेत, आणि सरळ, लांब केसांनाच सौंदर्य मानणारी नजर त्यांच्याभोवतीही आहे. त्यांच्या मुलींच्या केसांना शोभेल असा कंगवा जवळच्या बाजारात सहज मिळावा, ही मागणी लहान असली तरी रास्त आहे.

उरलेले काम

सर्वांत मोठी उणीव प्रशिक्षणाची आहे. केशकर्तनाच्या परवान्यासाठी शेकडो तासांचे शिक्षण सक्तीचे असूनही त्यात घट्ट कुरळ्या केसांना स्थान नसे; न्यूयॉर्क राज्याने २०२३ मध्ये कायदा करून ते सक्तीचे केले. डॉक्टरांच्या शिक्षणातही हीच गरज आहे. दुसरी गोष्ट निवडीची. नैसर्गिक केसांचा स्वीकार म्हणजे रिलॅक्सर वापरणाऱ्या स्त्रीला दोषी ठरवणे नव्हे. सरळ केस हाही तिचा निर्णय असू शकतो. तो निर्णय नोकरीच्या भीतीने, शाळेच्या नियमाने किंवा ‘चांगले केस’ या लहानपणी ऐकलेल्या शब्दांनी झालेला नसावा, एवढीच अट आहे. न्हायच्या दिवशी आईच्या गुडघ्यांमध्ये बसलेल्या मुलीला आपले केस अवघड आहेत असे ऐकावे लागू नये. ते कसे सोडवायचे, हे तिला शिकवले जावे.